उपाशी कोळसा

५ ऑक्टोबर

ठकू,

दुकान बंद केल्यावर मी दिवसभर काय करतो, असं तू विचारलंस. तुझ्या मामीचं म्हणणं असं की मी दिवसभर तिच्या पायात पायात येतो. खरं आहे. उभा जन्म डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं उघडली. आता उघडायला काही उरलं नाही, म्हणून मी तिचे डबे उघडतो, कपाटं उघडतो आणि बोलणी खातो.

पण एक उद्योग हाताला लागलाय. दुकानाला कुलूप लावलं त्या दिवशी शेजारच्या हार्डवेअरवाल्याने निरोपाची भेट म्हणून कोळशाची एक बुटकी शेगडी दिली. तीन पाय, गोल पोट, वर जाळी आणि घुमटासारखं झाकण. दोन माणसांपुरतं भाजून होईल, एवढीच. मी म्हटलं, भाजतं कोणीही. आपण हिचा स्मोकर करायचा. भाजणं हे घाईचं काम, खाली रसरसता विस्तव आणि वर मांस. मंद धुरावर शिजवणं हे घड्याळजीचं काम. विस्तव लांब, आच कमी, झाकण घट्ट आणि दुपारभर वाट बघायची तयारी.

मामीचं जुनं मोठं पातेलं होतं ना, ज्यात ती तुझे शाळेचे कपडे उकळायची? त्याचा काठ शेगडीच्या काठावर नेमका बसतो. त्याचा तळ कापून काढला. (मामी दोन दिवस बोलली नाही. घरात फार शांतता होती.) आता ते शेगडीवर ठेवलं की शेगडीला दुसरा मजला. आतल्या बाजूने स्क्रू बसवले, त्यावर जाळी टेकवली. कोळसा आणि जाळी यांच्या मधे पाण्याची थाळी, म्हणजे आच मांसाला थेट चाटत नाही. वर शेगडीचंच झाकण. झाकणाला भोक आणि भोकावर फिरणारी झडप. बेकरीवाल्याने टाकून दिलेला तापमापक झाकणात खोचला. दिसायला असा की जणू एखादा ठेंगू माणूस टोपी घालून उभा आहे. नाव ठेवलंय बुटक्या.

आता फटी बुजवायच्या आहेत. पातेलं आणि शेगडी यांच्या मधून हवा शिरते आणि कोळसा माजतो. ते झालं की कोंबडी.

वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या फोनवर मला बोलावू नकोस. कानातलं यंत्र आणि फोन यांचं जमत नाही, नुसत्या मधमाश्या ऐकू येतात. पत्रच लिही.

हात काळे, बाकी पांढरा,
मामा


१४ ऑक्टोबर

मामा,

तुझं पत्र आमच्या जेवणघरात मोठ्याने वाचून दाखवलं. आमच्या आजी-आजोबांपैकी निम्म्यांना ऐकू येत नाही आणि उरलेल्यांच्या लक्षात राहत नाही, तरी पातेल्याचं ऐकून सगळ्या आज्या मामीच्या बाजूने झाल्या. तुझ्या बाजूने एकच आजोबा होते, तेही नंतर झोपले.

वृद्धाश्रमात थंडी तोंडावर आली की कामाची माणसं कमी पडतात. दोन जणी सोडून गेल्या, त्यामुळे मुख्य काळजीवाहक म्हणून सगळं माझ्याच डोक्यावर आहे. एवढ्यात येणं काही जमत नाही.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगते. बुटक्या अंगणातच पेटव. थंडी वाजो, पाऊस येवो, काहीही झालं तरी कोळसा घरात पेटवायचा नाही. बंद जागेत तो माणसं मारतो. तू शहाणा आहेस, पण हौस आली की तुझं शहाणपण चपला घालून बाहेर पडतं, हे मी लहानपणापासून बघतेय.

मामी कशी आहे? तिला म्हणावं, पातेलं मी नवं घेऊन देईन.

तुझी
ठकू


२ नोव्हेंबर

ठकू,

जमलं! भट्ट्यांच्या दाराला लावतात ती न जळणारी जाड दोरी आणली आणि सांध्यावर गोल चिकटवली. आता पातेलं बसवताना असा आवाज येतो, जसा चांगल्या घड्याळाचं मागचं झाकण बसताना येतो. (मला ऐकू येत नाही, बोटांना कळतो.)

कोंबडी चहाच्या रंगाची झाली. हाड धरून हलवलं की मांस आपणहून खाली उतरतं. मामीने दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि काहीच बोलली नाही. तिच्या तोंडून एवढी स्तुती मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकली.

गुपित सांगतो. कोळसा उपाशी ठेवायचा. लोक त्याला भरपूर हवा देतात, तो भडकतो आणि तासाभरात राख. मी खालची भोकं जवळजवळ बंद करतो. श्वास जेमतेम पुरेल एवढीच हवा. मग तो मरतही नाही आणि जळतही नाही, नुसता धुमसत राहतो. सकाळी पेटवलेला मूठभर कोळसा दिवेलागणीपर्यंत कोमट असतो. लंबकाला जसं वजन लावून आवरायचं, तसंच हे.

एक अडचण आहे. वरच्या घरमालकीण बाईंच्या वाळत घातलेल्या चादरींना धुराचा वास लागला. त्या खाली आल्या आणि तोंड उघडमीट करत बराच वेळ उभ्या होत्या. मी यंत्र काढून ठेवलं होतं, त्यामुळे फार मनाला लागलं नाही. पण मामी म्हणते, अंगणात पुन्हा पेटवलं तर घर सोडायला सांगतील.

काहीतरी मार्ग काढतो. बुटक्याला आता सोडवत नाही. खूप दिवसांनी असं झालंय की सकाळी उठायला कारण आहे.

मामा


१० नोव्हेंबर

मामा,

मार्ग काढलास का? शेजारच्या गॅरेजवाल्याच्या मोकळ्या जागेत ठेवलास तर? तो भला माणूस आहे आणि तिथे धुराचं कोणाला काय. कुठे पेटवतोस ते कळव.

मामीला पत्रात चार ओळी लिहायला सांग. तिच्या हातचं अक्षर बघून किती दिवस झाले.

ठकू


१ डिसेंबर

ठकू,

जागेचं मिटलं. वरच्या बाईंची तक्रार बंद, चादरी स्वच्छ. युक्ती तुझ्या मामाची, म्हणून जास्त विचारू नकोस. आता तर धूर दिसतही नाही. लाकडाचे तुकडे सुरुवातीलाच जळून जातात, मग उरतो निव्वळ कोळसा. त्याला ना वास, ना धूर. मांस नसेल तरी मी तसाच थोडा पेटवून ठेवतो. थंडी बरीच आहे, त्याच्या उबेला बसून मी भिंग लावून जुनी घड्याळं साफ करतो.

मामी चार ओळी लिहील असं वाटत नाही, आणि तेच तुला लिहायचं होतं. तिचं काहीतरी बिघडलंय. डोकं दुखतं म्हणते. कपाळाला पट्टा बांधल्यासारखं. जेवणावर वासना नाही. दुपारी पडते ती उठतच नाही, हलवून उठवावं लागतं. आणि विसरते. साबणाची वडी फडताळात आणि चहाची पूड मोरीत. परवा मला म्हणाली, "आज दुकान उघडायचं नाही का?" मी हसलो. तीही हसली, पण तिला कळलं नव्हतं आपण का हसतोय ते.

डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी रक्तदाब बघितला आणि वयाचं आहे म्हणाले. वय तर माझंही झालंय. माझंही डोकं जड असतं हल्ली, पण मी काही साबण फडताळात ठेवत नाही.

तू हेच काम करतेस. तुला काय वाटतं? मामीला हे लिहिल्याचं सांगितलेलं नाही.

मामा


९ डिसेंबर

मामा,

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुझ्यापासून लपवून उपयोग नाही. वस्तू भलत्या जागी ठेवणं, दिवसा झोप, काळाचा घोटाळा, जेवण कमी होणं. हे सगळं मी रोज बघते. आमच्याकडे जी माणसं येतात त्यांची सुरुवात अशीच असते. विसराळूपणाचा आजार आहे हा, आणि तो उलटा फिरत नाही.

घाबरू नकोस. सांभाळता येतो. तिच्याशी वाद घालू नकोस, चूक दाखवू नकोस. रोजचा क्रम बदलू नकोस. घर उबदार ठेव, अशा माणसांना थंडी बाधते. खिडक्या उघड्या टाकायची तिची सवय आहे, ती मोड. आणि तिला एकटीला स्वयंपाकघरात सोडू नकोस.

"मला काही झालेलं नाही" असं ती म्हणेल. सगळेच म्हणतात. तिच्या शब्दांवर जाऊ नकोस, वागण्याकडे बघ.

आई गेल्यावर माझ्या वेण्या तिनेच घातल्या. पण आता रडून चालणार नाही.

ठकू


२८ डिसेंबर

ठकू,

तू सांगितलंस तसं करतोय. खिडक्यांच्या फटींना कापडाच्या पट्ट्या लावल्या. माझंच काम आहे ते, फटी बुजवणं. घर आता पेटीसारखं बंद झालंय, वारा शिरत नाही.

मधे ती बहिणीकडे आठवडाभर राहून आली. तिथे म्हणे टुणटुणीत होती. पत्ते खेळली, जिंकली, बहिणीच्या नातीचा स्वेटर विणून दिला. बहीण मलाच रागावली, "तिला काय झालंय? तुम्हीच काहीतरी डोक्यात घेतलंय." पण घरी आली आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा डोकं धरून बसली. मला तर वाटतं, तिला माझाच कंटाळा आलाय. किंवा बुटक्याचा. त्याच्याकडे अशी बघते, जसं सवतीकडे बघावं.

आणि काल भलतंच झालं. दुपारी मी काम करत होतो. उठून बघतो तर पुढचं दार सताड उघडं. ही अनवाणी, अंगावर शाल नाही, अंगणात भिंतीला धरून उभी. तोंड उघडं टाकून मासा श्वास घेतो तसा श्वास घेत होती. मी हाताला धरलं तर म्हणाली, "मला आत नेऊ नका. बाहेर बरं वाटतं." एवढ्या थंडीत! पाय निळे पडले होते. जवळजवळ ओढतच आत आणली.

माझेही हात हल्ली स्थिर राहत नाहीत. बारीक स्क्रू चिमट्यातून निसटतात. काळजीने असेल.

काय करू?

मामा


५ जानेवारी

मामा,

घर सोडून निघणं ही पुढची पायरी. आमच्याकडे यालाच सगळ्यात जास्त जपतात. थंडीत अनवाणी निघालेला माणूस सकाळी कसा सापडतो ते मी पाहिलंय. तुला सांगत नाही.

बहिणीकडे ती बरी होती याने फसू नकोस. परक्या घरी, चार माणसांत, हे लोक सगळं बळ एकवटून नीट वागतात. घरी आल्यावर ते बळ सरतं. हेही नेहमीचंच.

दाराला वरच्या बाजूला एक कडी लाव. तिचा हात पोचणार नाही एवढ्या उंच. तुला ऐकू येत नाही, ती निघाली तर कळणार कसं? तू घरात असलास तरी कडी असू दे. क्रूर वाटेल, पण तिच्याच भल्यासाठी आहे.

फेब्रुवारीत रजा मिळते का बघते. तोवर धीर धर.

ठकू


१९ जानेवारी

ठके,

हे पत्र तुझ्या मामांना न सांगता लिहितेय. गॅरेजवाला खिडकीखालून जाईल तेव्हा पट्टी उचकटून त्याच्या हातात देईन. अक्षर वाकडंतिकडं आलं तर समजून घे. ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात निसटते.

पूर्वी तुझी पत्रं आली की हे मोठ्याने वाचून दाखवायचे. आपल्याला ऐकू येत नाही म्हणून एवढ्या मोठ्याने की वरच्या बाईंनाही तुझी खुशाली कळायची. हल्ली वाचतात आणि खिशात घालतात. मग माझ्याकडे बघतात. त्या बघण्यावरूनच मला कळतं की पत्रात मी आहे.

दाराला वर कडी लावलीय. माझा हात पोचत नाही. मी विचारलं, ही कशाला? म्हणाले, ठकूने सांगितलंय. खरं का गं? तू सांगितलंस?

मी वेडी होतेय का, हे तू मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. मला माहीत नाही. काही दिवस वाटतं होतेय. मोरीत चहाची पूड बघून मीच घाबरले होते. पण बहिणीकडे माझं डोकं स्वच्छ होतं, धुतलेल्या काचेसारखं. अंगणात जरा उभी राहिले तरी हलकं वाटतं. मग मी घरातच वेडी होते का? असं वेड असतं का?

मला तर त्या डब्याचा संशय येतो. हे म्हणतात, धूर कुठे दिसतोय तुला? दिसत नाही हे खरं. वासही येत नाही. पण तो पेटला की माझ्या कपाळाला पट्टा बसतो आणि विझला की सुटतो. मी म्हटलं, तो धुण्याच्या खोलीतून बाहेर काढा. तर म्हणाले, बाहेर काढला की वरच्या बाई आपल्याला बाहेर काढतील. म्हणून तिथली खिडकी बंद, मागचं दार बंद, त्याला पट्ट्या. मधलं दार तेवढं उघडं, घरात ऊब यावी म्हणून. तुला सांगू नकोस म्हणालेत, तू रागावशील म्हणून. आता मी सांगितलं. रागव.

माझ्यावर नको रागवूस. मी दमलेय. आज दुपारी पुन्हा पेटवणार आहेत. रोजच पेटवतात.

मामी


१२ फेब्रुवारी

मामी,

हॉस्पिटलात तू माझ्याशी बोलली नाहीस. मी तीन दिवस खाटेजवळ बसून होते आणि तू भिंतीकडे तोंड करून होतीस. बरोबर केलंस. आता तू बहिणीकडे गेलीस हे कळलं, म्हणून तिथल्या पत्त्यावर लिहितेय. त्या दिवशी काय झालं ते तुला कोणी नीट सांगितलं नसेल. ते तुला कळलंच पाहिजे.

तुझं पत्र मला दुपारच्या टपालाने मिळालं. जिन्यात उभी राहून वाचत होते. "धुण्याच्या खोलीतून" इथपर्यंत आले आणि ते वाक्य पुन्हा वाचलं. एका क्षणात सगळं उलटं झालं. उपाशी ठेवलेला कोळसा विषारी वायू सोडतो, त्याला ना धूर असतो ना वास. डोकेदुखी, झोप, विसरणं, बहिणीकडे बरं वाटणं, अंगणातला तो श्वास. मी जे जे आजार म्हणून मोजत होते, ते तुझं शरीर ओरडून सांगत होतं.

ऑफिसातून वरच्या बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अहो, काल तर मी तुमच्या मामांना पाहिलं. ठणठणीत आहेत."

"खाली जा. आत्ता जा. दार वाजवा."

त्या गेल्या. मी रिसीव्हर कानाला धरून उभी. परत आल्या त्या कुरकुरत. "कोणी उघडत नाही. धूर नाही, वास नाही, सगळं शांत आहे. झोपले असतील."

"काच फोडा."

"माझ्या घराची?"

मामी, मी त्यांना काय काय बोलले ते लिहीत नाही. आयुष्यात कोणाला तसं बोलले नव्हते. फोन तसाच टाकून त्या धावल्या आणि गॅरेजवाल्याला हाक मारली. त्याने मोठ्या पान्याने स्वयंपाकघराची काच फोडली आणि आत उडी मारली.

तू पुढच्या दाराशी पडली होतीस. शेजारी स्टूल आडवं. तू त्यावर चढून कडीपर्यंत हात पोचवायचा प्रयत्न केला होतास. कडी काढता आली नाही, पण पडलीस ती दाराखालच्या फटीशी. पट्टी तिथे लावायची राहिली होती. तेवढ्या फटीतून येणाऱ्या वाऱ्यावर तू जगलीस, असं डॉक्टर म्हणाले. मामा धुण्याच्या खोलीत खुर्चीवर होता, हात गुडघ्यांवर, एखाद्याची वाट बघत असल्यासारखा. त्याचे गाल गुलाबी होते, त्या वायूने होतात तसे. गॅरेजवाला म्हणाला, "मला वाटलं, किती छान तब्येत आहे यांची."

त्या डब्यावर गॅरेजवाल्याने गाडी घातली. पण कडी मी काढली. स्वतः स्क्रू काढून.

तुझ्याकडे मी काही मागत नाही. मामा सुधारला. नर्सशी थट्टा करत होता, हात जोडून सगळ्यांची माफी मागत होता. डॉक्टरांनी घरी सोडलंय. घर उघडं, हवेशीर करून मी परत आले. तो तिथे एकटाच आहे.

ठकू


६ ऑक्टोबर

ठकू,

सगळं छान आहे. दुकान बंद केल्यावर मी काय करतो असं तू विचारलंस. एक उद्योग हाताला लागलाय. हार्डवेअरवाल्याने शेगडी दिली आहे, तिचा स्मोकर करायचा विचार आहे. मामीचं एक मोठं पातेलं होतं ते सापडत नाही. मामीही सापडत नाही. बाजारात गेली असेल.

सगळं छान आहे. उद्या दुकान लवकर उघडायचं आहे, गिऱ्हाइकं खोळंबली आहेत. दुकान बंद केल्यावर मी काय करतो असं तू विचारलंस.

हात कापतो म्हणून थोडंच लिहितो. तुझी आई बरी आहे ना?

मामा


१७ मार्च

मामी,

मामाचं पत्र सोबत पाठवतेय. त्याने तारीख ऑक्टोबरची घातलीय. पाकिटावर शिक्का या आठवड्याचा आहे.

माझी आई जाऊन किती वर्षं झाली ते त्याच्यापेक्षा जास्त कोणाला माहीत? तिला खांदा त्याने दिला होता.

इथल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, असं होतं. कोळशाच्या वायूतून माणूस वाचतो, चांगला हिंडायला फिरायला लागतो, आणि काही आठवड्यांनी मेंदू मागे फिरतो. म्हाताऱ्या माणसांत जास्त. मला हे माहीत नव्हतं. मला सगळं माहीत आहे असं वाटत होतं.

मी रजा मागितली आहे, मिळायला वेळ लागेल. तू त्याच्याकडे जा असं मी म्हणणार नाही. तो हक्क मी घालवलाय. फक्त कोणाला तरी पाठव. आणि जमलंच तर एवढं सांग, तू मामाला माफ केलंस का?

ठकू


२ एप्रिल

ठके,

तुझं पत्र बहिणीकडे गेलं आणि तिथून फिरून मला इथे मिळालं. मी आधीच घरी आले होते. वरच्या बाईंनी निरोप पाठवला होता, मामा दुपारी जेवायला घरी येत नाहीत म्हणून.

सापडले दुकानाच्या दारात. आपलं दुकान आता चपलांचं झालंय. तिथला मालक पोरगेला आहे, पण माणूस बरा. त्याने यांना आत एक खुर्ची दिली होती. हे ती खुर्ची दारात ओढून बसले होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "थोडं थांबावं लागेल, हातातलं संपवतो." बायका चपला बघायच्या आणि यांच्याकडे बघून हसायच्या. मी समोर उभी राहिले. माझ्याकडेही तसंच बघितलं. म्हणाले, "बाई, तुमचं घड्याळ कोणतं?"

मी म्हटलं, "भिंतीवरचं. घरी येऊन बघावं लागेल."

लगेच उठले. वाटेत माझा हात धरला. पत्ता मात्र मलाच विचारत होते.

आता दिवस कसे जातात ते सांगते. सकाळी बहुतेक ओळखतात. दुपारनंतर नाही. मी दिसेनाशी झाले की घाबरतात, म्हणून एका खोलीतून दुसरीत जाताना मोठ्याने बोलत जाते. ऐकू येत नाही त्यांना, पण माझे ओठ हलताना दिसले की पुरतं. डॉक्टर म्हणतात, काही जण वर्षभरात परत येतात, काही येत नाहीत. मी म्हटलं, बघू. घर आता माझ्या पद्धतीने चालतं. खिडक्या उघड्या असतात. वरच्या बाई मधूनमधून खाली येऊन बसतात, आपल्या घराची काच फुटली म्हणून नाही, आपण ती लवकर फोडली नाही म्हणून.

माझं डोकं स्वच्छ आहे. हात थोडा कापतो, तो दिसेलच अक्षरात. पायऱ्या उतरताना तोल जातो. बाकी सगळं आठवतं. नको तेही आठवतं. स्टुलावर उभी राहून कडीकडे बघत होते ते आठवतं.

माफ केलं का, असं विचारतेस. अजून नाही. त्यांना करायचं तर ज्याला करायचं तो माणूस दुपारनंतर घरात नसतो. तुला करायचं तर तू समोर हवीस. पत्रातून मी ते करणार नाही. रजा मिळाली की ये. रागावेन, मग जेवायला वाढीन. क्रम उलटाही होईल.

आल्यावर सवयीने तू दारातच त्यांना विचारशील, "मामा, मामी कशी आहे?" ते काहीतरी सांगतील, छान सांगतील, आणि तू ऐकत बसशील. तसं करू नकोस. मी तिथेच उभी असेन. मला विचार.

मामी